गाडी मिसिंग मारतेय आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागलाय: पार्ट बदलण्याआधी करायची तपासणी, क्रमाने

मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. सिग्नलवर गाडी थरथरते, चढावर झटके देते आणि मीटरमध्ये इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. मग कोणी बॅटरीची वायर काढून दिवा घालवतो, कोणी स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सरचं नाव वाचून थेट तो सेन्सर मागवतो, तर कोणी चारही कॉइल (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारे पार्ट) एकदम बदलून टाकतो. पैसे जातात आणि आठवड्याभरात दिवा परत लागतो. यातला गोंधळ एकच आहे. स्कॅनरचा कोड खराब पार्टचं नाव सांगत नाही, गाडीच्या संगणकाला काय जाणवलं तेवढंच सांगतो. ते कशामुळे झालं हे शोधायचं काम आपलं.

हा लेख ३ किंवा ४ सिलिंडरच्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे. डिझेलला स्पार्क प्लग नसतात आणि तिथली तपासणी वेगळी असते, म्हणून ती इथे घेतलेली नाही.

सगळ्यात आधी: दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय?

स्थिर पिवळा दिवा असेल तर गाडी सावकाश घरापर्यंत किंवा गॅरेजपर्यंत नेता येते. दिवा लुकलुकत असेल तर पाय लगेच हलका करा आणि जागा मिळताच गाडी बाजूला घ्या. लुकलुकणं म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळताच सायलेन्सरकडे जातंय. ते पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा पार्ट) जळतं आणि त्याच्या आतली जाळी वितळवतं. कॉइलच्या मानाने कन्व्हर्टर कितीतरी महाग पडतो. भुसावळला झटके सुरू झाले आणि जळगाव २५ किलोमीटरवरच आहे म्हणून तशीच दामटली, की एका कॉइलचं काम कन्व्हर्टरवर जातं.

तेलाच्या चंबूचा लाल दिवा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला असेल तर हा लेख बाजूला ठेवा. इंजिन त्याच क्षणी बंद करा.

तयारी

एवढं सामान जवळ हवं:

- ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले कोड वाचणारा) आणि मोबाइलवर त्याचं ॲप. फक्त कोड पुसणारा नको. चालू आकडे आणि फ्रीझ फ्रेम (दिवा लागला त्या क्षणीचे आकडे) दाखवणारा घ्या.
- मल्टिमीटर.
- तुमच्या प्लगच्या मापाची गोटी (१६ किंवा १४ मिमी, आत रबर असलेली), लांब एक्स्टेन्शन, १० मिमीची गोटी.
- टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळणारा). मित्राकडून आणला तरी चालेल, पण हवाच.
- टायरात हवा भरायचा पंप, टॉर्च, खडू, वही.

प्लग काढायचं काम थंड इंजिनावरच करायचं. हेड, म्हणजे सिलिंडरवरचा प्लग बसतो तो भाग, ॲल्युमिनियमचं असतं. गरम असताना प्लग सोडवला तर हेडमधले आटे प्लगसोबत बाहेर येऊ शकतात. मे महिन्यात खानदेशात पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा संध्याकाळी उभी केलेली गाडीही तासाभरात थंड होत नाही. रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी लवकर काम घ्या.

१. कोड लिहून घ्या, पुसू नका

ओबीडीचं १६ पिनांचं सॉकेट स्टिअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला असतं. स्कॅनर लावा, चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. आलेले सगळे कोड वहीत उतरवा, पेंडिंग कोडसकट (दोष जाणवला, पण दिवा अजून लागलेला नाही असे कोड). मग फ्रीझ फ्रेम उघडा. दिवा लागला त्या क्षणी इंजिनाचे फेरे, कूलंटचं तापमान, गाडीचा वेग आणि लोड किती होता ते तिथे साठवलेलं असतं. कोड पुसला किंवा बॅटरी काढली की हे सगळं जातं. बॅटरीची वायर काढायची नाही ती यासाठीच.

नेहमी दिसणारे कोड असे वाचायचे:

- पी०३०१ ते पी०३०४: शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी०३०३ म्हणजे तिसरा सिलिंडर मिसिंग मारतोय. प्लग, कॉइल, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) की कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), ते अजून कळलेलं नाही.
- पी०३००: मिसिंग एकाच सिलिंडरला नाही, फिरतं आहे. इथे सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टी आधी पाहायच्या: हवेची गळती, पेट्रोलचा दाब, जुने झालेले सगळे प्लग.
- पी०३५१ ते पी०३५४: त्या क्रमांकाच्या कॉइलच्या वायरिंगचा किंवा खुद्द कॉइलचा विद्युत दोष.
- पी०२०१ ते पी०२०४: इंजेक्टरच्या सर्किटचा दोष.
- पी०१७१: मिश्रणात हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. ऑक्सिजन सेन्सरने हे फक्त कळवलेलं असतं. कळवणाऱ्यालाच बदलण्याची चूक सर्वांत जास्त इथे होते.
- पी०४२०: कन्व्हर्टर नीट काम करत नाही. सोबत मिसिंगचा कोड असेल तर आधी मिसिंग काढा, कन्व्हर्टरचा विचार नंतर.
- पी०३३५ आणि पी०३४०: क्रँक आणि कॅम सेन्सरकडून येणारा सिग्नल. पी००१६ आला तर या दोघांचा मेळ बसत नाही, तेव्हा टायमिंग चेन मेकॅनिककडून पाहून घ्या.

सिलिंडरची मोजणी बहुतेक गाड्यांत टायमिंग चेन किंवा बेल्टच्या बाजूने सुरू होते, गिअरबॉक्सच्या बाजूने नाही. उलटं मोजल्यामुळे चांगलाच पार्ट बदलला जातो.

> तपासा: कोड, फ्रीझ फ्रेमचे आकडे, गाडीचे किलोमीटर आणि प्लग शेवटचे कधी बदलले, या चारही गोष्टी वहीत आल्या का? नसतील तर पुढे जाऊ नका.

२. त्रास नक्की कधी होतो?

हे शोधायला गाडी चालवावी लागते. कोणत्या वेळी त्रास होतो यावरून निम्मा तपास होतो.

चढावर किंवा वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर पाय दाबला की झटके बसतात आणि सपाट रस्त्यावर गाडी ठीक चालते: संशय प्लग-कॉइलवर. सिलिंडरमध्ये दाब वाढला की ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि कमजोर कॉइल नेमकी तिथेच मागे पडते. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना किंवा तोरणमाळच्या वळणांवर पहिल्यांदा त्रास जाणवतो तो बहुधा असाच.

उभ्या गाडीत थरथर, रेस दिली की गुळगुळीत: हवेची गळती, घाण झालेली थ्रॉटल बॉडी किंवा व्हॉल्व्हचा प्रश्न.

गरम झाल्यावरच त्रास आणि तासभर उभी केली की ठीक: कॉइल किंवा क्रँक सेन्सर. दुपारच्या उन्हात हा दोष दिसतो आणि सकाळी गॅरेजमध्ये सापडतच नाही. अशी गाडी मेकॅनिकला गरम असतानाच दाखवा.

सकाळी पहिल्या सेल्फला दोन-तीन मिनिटं मिसिंग, मग साफ: थेंब गळणारा इंजेक्टर किंवा सिलिंडरमध्ये झिरपणारं कूलंट. कूलंटची पातळी दर आठवड्याला उतरत असेल तर दुसरी शंका धरा.

आणि स्कॅनरवर एकही कोड नाही, मिसिंगची नोंदही शून्य, तरी स्टिअरिंग थरथरतं? मग ते मिसिंग नसून इंजिनाचं फाउंडेशन (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते) असू शकतं. ३ सिलिंडरचं इंजिन मुळातच जास्त हलतं, त्यात ते रबर दबून गेलेलं असेल तर एसी लावताच सीट हलायला लागते. सायलेन्सरच्या तोंडापाशी, न चिकटवता, हात धरून बघा. धूर एकसारखा येत असेल तर इंजिन ठीक आहे. मध्येच ठोका चुकत असेल तर मिसिंग आहे.

३. काही न खोलता होणारी पाहणी

बॅटरी: रात्रभर उभ्या गाडीत १२.४ ते १२.७ व्होल्ट हवेत, इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.५. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल तर आधी बॅटरी आणि टर्मिनल. उन्हाळ्याने बॅटऱ्या लवकर बसतात, आणि कमी व्होल्टेजमुळे स्कॅनरवर असंबद्ध कोडांची रांग लागते.

वायरिंग: बॉनेट उघडून टॉर्चने प्रत्येक वायर शेवटपर्यंत बघा. केळीच्या बागेतल्या शेडमध्ये, गोठ्याशेजारी किंवा धान्याच्या खोलीजवळ गाडी उभी राहते तिथे उंदीर इंजेक्टरच्या आणि ऑक्सिजन सेन्सरच्या वायरी कुरतडतात. कुरतडलेली वायर नुसती पिळून टेप गुंडाळू नका. उष्णतेने टेपचा डिंक सुटतो आणि जोड हलतो. सोल्डर करा आणि त्यावर हीट-श्रिंक नळी चढवा.

कपलर: प्रत्येक कॉइल, इंजेक्टर आणि सेन्सरचा कपलर हाताने हलवून बघा. लॉक तुटलेला असेल तर तो खड्ड्यात निसटतो.

पाणी: इंजिन प्रेशरने धुतल्यानंतर दिवा लागला असेल तर प्लगच्या विहिरीत (हेडमध्ये प्लग बसतो तो खोल खड्डा) पाणी साचलेलं असणार. कॉइल काढा, हवेने वाळवा, परत लावा. बहुतेक वेळा एवढ्यावर काम होतं. पुढच्या वेळी वॉशिंग सेंटरवर बॉनेट उघडूच देऊ नका.

एअर फिल्टर: काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर किंवा जिनिंगच्या आसपास रोज फिरणाऱ्या गाडीला कंपनीने सांगितलेलं अंतर फार होतं, निम्म्यावर उघडून बघा. फिल्टरसोबत त्याच्या पेटीची क्लिप आणि थ्रॉटलकडे जाणारा रबरी पाइपही बघा. पाइपच्या घड्यांत पडलेली चीर वरून दिसत नाही, पाइप वाकवून पाहावी लागते.

४. कॉइल आणि प्लग: बदलू नका, अदलाबदल करा

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच. घाई करू नका.

समजा कोड पी०३०२ आहे.

(क) प्रत्येक कॉइलवर खडूने तिच्या सिलिंडरचा आकडा लिहा. चावी ऑफ. कपलरचं लॉक दाबून काढा, १० मिमीचा बोल्ट सोडवा आणि कॉइल थोडी फिरवत सरळ वर ओढा. तिरकी ओढली तर खालचं रबर फाटतं.

(ख) रबर नीट बघा. भेग किंवा काळी बारीक रेघ दिसली तर ठिणगी तिथून हेडकडे पळते. रबराला तेल लागलं असेल तर टॅपेट कव्हरच्या गॅस्केटची किंवा विहिरीच्या सीलची गळती आहे. ती न काढता नवी कॉइल लावली तर तीही लवकरच जाते.

(ग) दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा. बाकी कशालाही हात लावू नका. आता कोड पुसा आणि त्रास ज्या परिस्थितीत होतो त्याच परिस्थितीत गाडी चालवा.

(घ) कोड पी०३०३ झाला? कॉइल खराब. एकच बदला. कोड पी०३०२ च राहिला? कॉइल ठीक आहे. ती जागेवर लावा आणि हीच अदलाबदल प्लगची करा.

> सावधान: एका वेळी एकच गोष्ट हलवायची. कॉइल आणि प्लग एकदम हलवले तर कोड सरकला तरी दोघांतलं कोण दोषी ते कळत नाही. आणि चालू इंजिनावर कॉइलचा कपलर कधीही काढू नका. जोराचा शॉक बसू शकतो आणि न जळलेलं पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जातं.

प्लग काढण्याआधी पंपाने विहिरीत हवा मारा. इथली धूळ बारीक असते आणि विहिरीच्या तळाशी थर करून बसते. प्लग निघताच ती सिलिंडरमध्ये पडते आणि रिंगा खरवडते. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा ठेवा.

निघालेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने कागदावर मांडा. फिकट तपकिरी टोक म्हणजे सिलिंडर निरोगी. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. ओलं आणि तेलकट म्हणजे तेल वर येतंय. पांढरं फटक आणि फोड आलेलं म्हणजे हवा जास्त किंवा चुकीच्या हीट रेंजचा प्लग. चारांपैकी एकच वेगळा दिसला तर दोष त्या सिलिंडरचा. चारही सारखेच काळे असतील तर एअर फिल्टर, पेट्रोलचा दाब किंवा सेन्सरकडे बघा.

साधे निकेलचे प्लग साधारण २० ते ४० हजार किलोमीटर चालतात, इरिडियमचे ८० हजार ते १ लाख. नक्की आकडा आणि गॅप (ठिणगी पडते ती फट) गाडीच्या पुस्तिकेत असतो. इरिडियमच्या टोकाला गॅप मोजायची पट्टी घालून वाकवू नका, ते टोक लगेच तुटतं. सीएनजी गाडीचे प्लग याआधीच बदलावे लागतात, कारण गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोरदार लागते. नकली प्लग बाजारात सर्रास आहेत, तेव्हा बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

लावताना पहिले फेरे हाताने, प्लगच्या डोक्यावर रबरी नळी चढवून द्या. आटे तिरके बसत असतील तर नळी घसरते आणि तुम्हाला लगेच कळतं. पान्याने ते कळत नाही. मग टॉर्क पाना: १४ मिमी आट्याला २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५ ते २०, १० मिमीला १० ते १२. पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरा. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका. निसरड्या आट्यांवर तोच टॉर्क प्लग जास्त आवळतो.

५. हवेची गळती आणि थ्रॉटल बॉडी

इंजिन गरम झाल्यावर स्कॅनरवर फ्यूल ट्रिम बघा, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा. शॉर्ट आणि लाँग मिळून बेरीज अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत ठीक. आयडलवर (रेस न देता, उभ्या गाडीत) अधिक २० आणि २,५०० फेऱ्यांवर जवळजवळ शून्य असेल तर हवा कुठून तरी चोरून आत जातेय. उलट, आयडलवर ठीक आणि लोडवर अधिक वाढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे सहावा टप्पा.

हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाड्यांनाच हा नियम लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांत त्याऐवजी इनटेकमधला दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो. तिथे गळतीची हवाही मोजली जाते, म्हणून ट्रिम फारसं हलत नाही. त्याऐवजी आयडलचे फेरे वर राहतात किंवा खालीवर होतात. ट्रिम ठीक दिसलं म्हणून अशा गाडीत गळती नाही असं धरू नका.

शोधायच्या जागा: ब्रेक बूस्टरचा जाड पाइप, पीसीव्ही व्हॉल्व्हचे (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारे) पाइप, इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, पेट्रोलच्या वाफेचा पर्ज व्हॉल्व्ह. पर्जचा पाइप पक्कडीने कापड लावून दाबा. आयडल लगेच सुधारलं तर व्हॉल्व्ह उघडा अडकलेला आहे. जोडांवर स्प्रेच्या बाटलीने थोडं साधं पाणी मारा. फेरे बदलले तर गळती तिथेच. कॉइलवर पाणी जाऊ देऊ नका.

> सावधान: गळती शोधायला गरम इंजिनावर कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल फवारण्याची पद्धत आहे. ती वापरू नका, आग लागते.

थ्रॉटल बॉडी चावी ऑफ ठेवून, क्लीनर कापडावर घेऊन पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची चकती बोटाने जोरात ढकलू नका, आतले गिअर प्लॅस्टिकचे असतात. साफ केल्यावर आयडल काही वेळ चुकतं. स्कॅनरवरून किंवा पुस्तिकेतल्या पद्धतीने ते पुन्हा शिकवावं लागतं. एमएएफ सेन्सरला फक्त त्याचाच क्लीनर वापरा.

६. पेट्रोल आणि गॅस

सीएनजी गाडी असेल तर आधी एक सोपी चाचणी. गॅसवर मिसिंग आणि पेट्रोलवर ठीक: प्लग, कॉइल, मग गॅस फिल्टर. पेट्रोलवर मिसिंग आणि गॅसवर ठीक: पेट्रोलचे इंजेक्टर. कित्येक महिने पेट्रोल न वापरल्याने त्यांच्यात कीट बसतं. रोज थोडं अंतर पेट्रोलवर चालवा आणि टाकीतलं पेट्रोल जुनं होऊ देऊ नका.

> सावधान: सीएनजीच्या सिलिंडरमध्ये २०० बारचा दाब असतो. गॅसचा एकही जोड घरी सोडवू नका.

टाकी भरल्यानंतर काही किलोमीटरातच सगळे सिलिंडर झटके द्यायला लागले तर पेट्रोलमधल्या पाण्याचा संशय घ्या. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी शोषतं आणि पाणी वाढलं की ते मिश्रण तळाशी उतरतं. पंप तिथूनच ओढतो. नमुना पारदर्शक बाटलीत तासभर ठेवून तळाशी थर दिसतो का ते बघा. दिसला तर टाकी रिकामी करण्याला पर्याय नाही.

इंजेक्टरची घरगुती चाचणी: आयडलवर एकेका इंजेक्टरचा कपलर काही सेकंद काढा. फेरे पडले तर तो सिलिंडर काम करतोय. ज्याला काहीच फरक पडत नाही तो मेलेला. यात पेट्रोलच बंद होत असल्याने कन्व्हर्टरला धोका नसतो, पण नवे कोड येतील, ते नंतर पुसा. इंजेक्टरचा रोध साधारण १२ ते १६ ओम असतो. चारांत एक फार वेगळा असेल तर तोच. जीडीआय इंजिनाच्या (ज्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं) उच्चदाब पाइपांना हात लावू नका. पेट्रोलचा दाब मोजायचं काम गेज असलेल्या मेकॅनिकवर सोडा.

७. कॉम्प्रेशन

कॉइल, प्लग आणि इंजेक्टर तिन्ही निर्दोष निघाले आणि कोड त्याच सिलिंडरवर अडला असेल तरच इथे यायचं. सगळे प्लग बाहेर, फ्यूल पंपाचा रिले काढलेला, कॉइलचे कपलर सुटे, ॲक्सिलेटर पूर्ण दाबलेला, मग प्रत्येक सिलिंडरला चार-पाच फेरे सेल्फ. निरोगी पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १४ बार येतात. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांच्या खाली नसावा.

कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट. बराच काळ सीएनजीवर चाललेल्या गाडीत व्हॉल्व्हच्या सीट झिजून टॅपेटचा गॅप कमी होतो आणि गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. हेड उतरवण्याआधी टॅपेटचा गॅप मोजायला सांगा.

८. कोड पुसा आणि चालवून बघा

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसा. मग थंड इंजिनावर सेल्फ, पाच मिनिटं आयडल, गावातली वाहतूक, हायवेवर अर्धा तास एकसारखा वेग आणि शेवटी एखादा चढ. परत आल्यावर पेंडिंग कोड बघा. दिवा लागण्याआधी मिसिंग तिथे दिसतं, कारण साधं मिसिंग सलग दोन वेळा गाडी चालवताना सापडलं तरच संगणक दिवा लावतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा.

कोड न पुसताही दोष गेल्यावर गाडी साधारण तीन वेळा निर्दोष चालली की दिवा आपोआप विझतो. पीयूसीला जायचं असेल तर पुसल्यानंतर लगेच जाऊ नका. स्कॅनरवर सगळे मॉनिटर (संगणकाने स्वतः घेतलेल्या चाचण्या) पूर्ण झालेले दिसेपर्यंत गाडी चालू द्या.

दुरुस्तीनंतर मिसिंग गेलं पण पी०४२० राहिला, तर दोन-तीन टाक्या चालवून मगच कन्व्हर्टर तपासायला द्या. आणि जुनाच कोड त्याच सिलिंडरवर परत आला तर चौथ्या टप्प्यातल्या नोंदी घेऊन मेकॅनिककडे जा: कोणती कॉइल कुठे होती, कोणता प्लग कुठे होता, कोड कुठून कुठे सरकला. त्या वहीमुळे त्याचं दिवसभराचं काम वाचतं.